आधी नंबर, मग निदान

जुन्या गाड्यांच्या बाबतीत माझं एक मत आता पक्कं झालंय. बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा बघायचा तो इंजिनचा नंबर. आवाज नंतर, धूर नंतर, आणि "साहेब, मक्खन इंजिन आहे" हे वाक्य तर सगळ्यात शेवटी.

ऐकायला हे फार रूक्ष वाटतं, कबूल आहे. हौसेने स्पोर्ट्स कार बघायला गेलेला माणूस टॉर्च घेऊन काळ्या तेलकट लोखंडावर आकडे शोधत बसला की मित्र हसतात. पण आपण सॉफ्टवेअरवाले काय वेगळं करतो? कुणी बग घेऊन आला की पहिला प्रश्न काय? "व्हर्जन कुठलं?" ते माहीत नसताना बग शोधायला बसणं म्हणजे अंधारात गोळी मारणं.

आता मराठवाड्यात कुठल्या आल्यात जुन्या स्पोर्ट्स कार, असं तुम्ही म्हणाल. फेरारी नाहीत, बरोबर. पण एक गाडी आहे, जिचं नाव काढलं की आमच्या पिढीचे डोळे अजून चमकतात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४ साली भारतात आलेली. १७८१ सीसी, सिलिंडर चारच पण व्हॉल्व्ह वीस, टर्बो आणि १५० हॉर्सपॉवर. ऑक्टाव्हिया जुळवली जायची ती शेंद्र्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) जालन्याला जाणाऱ्या रस्त्यावर. जालनेकरांच्या तर अगदी वाटेवरची गाडी!

आज या गाड्यांनी विशी गाठलीय किंवा ओलांडलीय. नव्या छोट्या कारपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळतात. त्यामुळे पहिली बढती मिळालेले आपल्यासारखे लोक त्यांच्या मागे लागतात. आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

गाडीवरचा आरएसचा बॅज म्हणजे पुरावा नव्हे. बॅज, बंपर, स्पॉयलर, सगळं सुटं विकत मिळतं. शिवाय हे १.८ टर्बो इंजिन एकट्या ऑक्टाव्हियाचं नव्हतं. फोक्सवॅगनच्या घराण्यात ते ऑडी ए४, पसाट, पहिली सुपर्ब अशा कितीतरी गाड्यांत बसलं. घराणं एक, पण टर्बो, पिस्टन, कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग यांत फरक. ए४ आणि सुपर्बमध्ये ते गाडीच्या लांबीत बसायचं, ऑक्टाव्हियात आडवं. म्हणजे एकाच कोडबेसच्या डझनभर बिल्ड समजा. कुठली बिल्ड, हे सांगतात इंजिन नंबराच्या सुरुवातीची तीन अक्षरं. ती न बघता पार्ट मागवलात तर खोकं उघडल्यावर कळतं की पाइपचं तोंड जुळत नाही.

मग शोधायचं कुठे? गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडलेला असतो, त्या बाजूला ब्लॉकच्या लोखंडात ठोकलेला नंबर असतो. तोच टायमिंग बेल्टच्या कव्हरवर स्टिकरवर असतो. इंजिनचं अक्षरी कोड डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवर सापडतं. आणि चौथी जागा म्हणजे आरसी बुक. चारही ठिकाणची माहिती एकमेकांशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर लोखंडावरचं खरं धरायचं, कारण स्टिकर आणि कव्हर दोन्ही बदलता येतात. चिंधी आणि थोडं डिझेल घेऊन जागा पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा. आकडे एका ओळीत, एकाच उंचीचे यायला हवेत. भोवती ग्राइंडर फिरवल्याची चमक दिसली तर गाडी कितीही आवडलेली असो, चहा पिऊन घरी यायचं.

नंबर जुळला, आता निदान. इथे आमच्या जातीचा एक खास दोष आहे. आम्ही स्कॅनर लावतो, कोड वाचतो आणि कोडलाच निदान समजतो. समजा गाडी थरथरतेय आणि स्कॅनरने पी०३०२ दाखवलं. याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाहीये. का होत नाही, हे तो सांगत नाही. तो लॉग आहे, कारण नव्हे.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल आहे, आणि या कॉइल जाणं हा त्याचा जुना आजार. मग दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, एक चक्कर मारून या. आता पी०३०३ आला तर चोर सापडला. पी०३०२ तिथेच राहिला तर आळीपाळीने प्लग, इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गेज लावायचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते न करता "इंजिन खोलावं लागेल" म्हणणाऱ्याला खुशाल नमस्कार करा.

जालन्यातल्या माझ्या एका ओळखीच्याचं नेमकं हेच झालं. एका गॅरेजात टर्बो बदलला, दुसरीकडे फ्युएल पंप. थरथर तशीच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोन कॉइलची अदलाबदल केली आणि वीस मिनिटांत विषय संपला. मिस्त्रींकडे स्कॅनर साधाच होता. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त होती.

जाता जाता, एक गैरसमज नको. इंजिन बदललेली गाडी वाईट, असं मी म्हणत नाही. "मूळ नंबराचंच इंजिन हवं" हा हट्ट लिलावातल्या गाड्यांना ठीक आहे. कॉन्टेसाच बघा ना! १९८४ साली ती अँबॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनवर आली. तेच बीएमसीचं बी-सीरिज घराणं, ज्याचं १४८९ सीसीचंच इंजिन १९५५ च्या एमजीए या अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये होतं. पुढे कॉन्टेसाला इसुझूचं १८१७ सीसी इंजिन मिळालं आणि ती खऱ्या अर्थाने पळायला लागली. अशा जुन्या कॉन्टेसात कुणी इसुझू बसवलं असेल तर मी त्याला हारच घालीन. अट एकच, ते कागदावर हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. बदल हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. कमिट मेसेज न लिहिता प्रॉडक्शनवर कोड टाकणारा जसा टीमला नकोसा होतो, तसाच हा.

आणि याची किंमत पुढच्या मालकाला मोजावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी त्याची फी दहा हजार रुपये झाली. फी भरता येते हो, पण तपासणीत नंबरच जुळला नाही तर? ती गाडी विकता येत नाही, चालवता येत नाही, नुसती अंगणात उभी राहते. आणि एक दिवस भंगारवाल्याची हाक येते.

"जालना सोने का पालना" अशी जुनी म्हण आहे. आज हा पाळणा पोलादाचा आहे. ठिकठिकाणचं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. शेंद्र्याला जन्मलेली गाडी त्याच रस्त्याने थोडं पुढे जाऊन जालन्यात सळई होऊ शकते. खरंच संपलेल्या गाडीबद्दल मला काही म्हणायचं नाही, लोखंडाचं लोखंडच होणार. पण एका कॉइलपायी आणि न नोंदवलेल्या एका नंबरापायी धडधाकट इंजिन भट्टीत जावं, हे मनाला पटत नाही. भट्टी काही नंबर विचारत नाही. तो आपणच आधी विचारायला हवा.