फोनमध्ये टॉर्च आहे की!

तुमच्या फोनमध्ये टॉर्च आहे. लाईट गेली, पलंगाखाली इअरबड घरंगळला, कॉन्सर्टमध्ये गायकाने सगळ्यांना हात वर करायला सांगितले, तर तो पुरतो. मग कुणी वेगळा टॉर्च विकत घ्यावा, तोही साडेपाच हजारांचा, आणि त्यात एलईडी कुठला, रंग कुठला, क्लिप हवी की नको यावर आठवडाभर विचार करावा, याला सरळ मराठीत डोकं फिरणं म्हणतात. निदान आमच्या हॉस्टेलवर तरी असंच म्हणतात. त्यात मुलगी असून टॉर्चचं वेड म्हटल्यावर तर विचारूच नका. तरीही आज मी या वेडाची वकिली करणार आहे. ऐकून घ्या, मग हसा.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. आपण दुकानातून तयार टॉर्च आणतो, तसं इथे नसतं. चीनमधल्या एमिसार किंवा कॉन्व्हॉयसारख्या छोट्या ब्रँडकडे तुम्ही ऑर्डर देता तेव्हा टॉर्च जवळजवळ सुटा सुटा मागवता. बाहेरची नळी ॲल्युमिनियमची की तांब्याची की टायटॅनियमची, आतला एलईडी कुठल्या कंपनीचा आणि कुठल्या छटेचा, त्यापुढची काच झोत लांब फेकणारी की उजेड पसरवणारी, हे सगळं तुम्ही ठरवायचं. अमेरिकेत तर एकेक टॉर्च लेथवर घडवणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या किमती शेकड्याने डॉलर असतात. ते आपल्या आवाक्याबाहेरचं. माझा टॉर्च पहिल्या प्रकारातला, तीन महिन्यांच्या स्टायपेंडमधून वाचवलेल्या पैशांचा.

गंमत बघा. इंग्रजीत टॉर्चला 'फ्लॅशलाइट' म्हणतात ते त्याच्या खोडीवरून. 1899 मध्ये डेव्हिड मिसेलला अमेरिकेत हातात धरायच्या विजेरीचं पेटंट मिळालं, तेव्हा सेल इतके अशक्त होते की दिवा सतत जळायचाच नाही. क्षणभर लावायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. म्हणून फ्लॅश. आपल्या गावाकडे मात्र टॉर्चला आजही 'बॅटरी' म्हणतात आणि बॅटरीला 'सेल'. पोटात काय आहे त्यावरून नाव. मला हे नाव जास्त पटतं, कारण चांगल्या टॉर्चची मजा सगळी पोटातच आहे.

किती उजेड, यापेक्षा कसा उजेड

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. हा निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांनी उभी उमेद घालवली आणि त्यासाठी 2014 मध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी ते काम जपानच्या निचिया कंपनीत असताना केलं होतं, आणि आज टॉर्चवेड्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव त्याच निचियाच्या एलईडीचं असतं.

का? तर रंगांमुळे. प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे मोजायला सीआरआय नावाचा आकडा आहे. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय 100 धरतात. स्वस्त टॉर्चमधल्या एलईडीचा साधारण 70 च्या आसपास असतो. त्यात भर म्हणून त्याची छटा थंड, निळसर. अशा उजेडात माणसाचा चेहरा आजारी दिसतो आणि लाल रंग तपकिरी. चांगला एलईडी 90 च्या पुढे जातो. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही. हातात घेतल्यावर कळतो.

मला तो माझ्या मामाने दाखवला. मामाची जुन्नर तालुक्यात शेती आहे, ऊस आणि टोमॅटो. दिवाळीत गेले होते तेव्हा माझा टॉर्च घेऊन तो रात्री टोमॅटोच्या सरीत शिरला. आधी म्हणाला, "अगं, उजेड तर पिवळा आहे याचा." मग एक पान उलटून धरलं आणि गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "करपा आहे गं. आमच्या बॅटरीत सगळी पानं एकाच रंगाची दिसतात." मी सीआरआयबद्दल ऐकवलेलं त्याने काहीच ऐकलं नसावं. पण आकड्यांचा अर्थ त्याला माझ्या आधी समजला. वायरमनला लाल आणि तपकिरी वायर वेगळी दिसणं, ट्रेकवर मित्राच्या पायाला लागलंय ते चिखल आहे की रक्त हे कळणं, हे सगळं याच आकड्यावर ठरतं. फोनचा टॉर्च इथे मागे पडतो.

लुमेनच्या मागे लागू नका, हे त्यामुळेच सांगते. माझ्या टॉर्चसारखे मुठीत मावणारे टॉर्च क्षणभर दोन-तीन हजार लुमेन फेकतात, म्हणजे गाडीच्या एका साध्या हॅलोजन दिव्यापेक्षा जास्त. पण मिनिटभरात नळी हाताला चटका देऊ लागते आणि आतलं सर्किट स्वतःहून उजेड उतरवतं. शिवाय लुमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला दुप्पट उजेड दिसत नाही. बांधावरून उसाच्या पलीकडे बघायचं तर लुमेनपेक्षा झोत किती एकवटलाय ते महत्त्वाचं. खोक्यावर 400 मीटर लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 400 मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पोचतो. तिथे पुस्तक वाचता येईल, असा नाही!

कमी करण्याची मजा

आता माझा खरा मुद्दा. महाग टॉर्चची सगळ्यात मोठी चैन त्याच्या जास्तीत जास्त उजेडात नाही. ती कमीत कमी उजेडात आहे.

फोनचा टॉर्च लावला की तो थेट डोळ्यांत घुसतो. कमी-जास्त करण्याची सोय अनेक फोनमध्ये आहे, पण कमी म्हणजे तरी किती? माझ्या टॉर्चचं बटण दाबून धरलं की उजेड अगदी तळापासून हळूहळू चढत जातो. तळाला एका लुमेनहूनही कमी. इतका मंद की एलईडीकडे थेट बघता येतं. रात्री दोनला रूममेटला न उठवता कपाट उघडायला तो पुरतो. बाथरूमपर्यंत जाऊन परत येईस्तोवर झोपही मोडत नाही.

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगमगीत झोताने ती सगळी मेहनत वाया जाते. रात्रीच्या ट्रेकला गेला असाल तर हे अनुभवलं असेल. कळसूबाईच्या शिड्यांपाशी रांग थांबलेली असते, वर तारे असतात, आणि कुणीतरी मागे वळून बोलताना कपाळावरचा हेडलॅम्प सगळ्यांच्या डोळ्यांत मारतो. पुढची दहा मिनिटं कुणाला पायरी दिसत नाही, तारे तर सोडाच.

काजव्यांचं त्याहून वाईट. पावसाच्या तोंडावर राजमाचीला, भंडारदऱ्याला आपण झुंडीने काजवे बघायला जातो. काजव्याचं लुकलुकणं ही त्याची जोडीदाराला हाक असते. आपण तिथे टॉर्च पाजळतो तेव्हा त्या हाकेवर लाऊडस्पीकर लावतो. त्यांच्याकडे या कामासाठी वर्षातले मोजके दिवस असतात. आणि आपल्याकडे? रील. ज्याच्याकडे चांगला टॉर्च आहे त्याच्यावर इथे जास्त जबाबदारी येते असं मला वाटतं. वाटेपुरता मंद उजेड, तोही जमिनीकडे, आणि झाडाजवळ गेलं की बंद. टॉर्च बंद करणं हाही तो वापरण्याचाच भाग आहे.

उघडता येणारी वस्तू

तुमच्या खोलीत नजर टाका. स्क्रू फिरवून उघडता येईल, साफ करता येईल, भाग बदलता येईल अशी तुमची स्वतःची किती यंत्रं आहेत? फोन गोंदाने चिकटवलेला. इअरबडची बॅटरी मेली की इअरबड कचऱ्यात. पैसे आपण मोजतो, पण वस्तूच्या आत डोकवायची परवानगी आपल्याला नसते.

टॉर्च हाताने पिळला की तीन तुकड्यांत उघडतो. आत 18650 सेल असतो. हा आकडाही किती सरळ आहे बघा: 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. सेल थकला की दुसरा घालायचा, टॉर्च तोच राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी आटे कापडाने पुसायचे, रबरी रिंगला थेंबभर सिलिकॉन ग्रीस लावायचं. त्याच्या आत चालणारं 'अँड्युरिल' हे सॉफ्टवेअरसुद्धा खुलं आहे. कुणीही त्याचा कोड वाचावा, बदलावा. मी मास कॉमची विद्यार्थिनी. सर्किटमधलं मला शून्य कळत होतं. आज एलईडी, ड्रायव्हर, सेल यांचं काय नातं असतं ते मी तुम्हाला चहाच्या टपरीवर समजावून सांगू शकते. साडेपाच हजारांत एक वस्तू पूर्ण समजली, हा सौदा मला महाग वाटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे पोट भरल्यानंतरचे शौक. बरोबर आहे, आणि हे मी टाळणार नाही. राज्यात शेतीच्या पंपांना अनेक ठिकाणी आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळत आली आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण रात्री पाणी धरायला जाणं सगळ्यांचं संपलेलं नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो, बांधावर साप असतो. तिथे टॉर्च हा शौक नाही. मामाला मी किंमत सांगितली तेव्हा तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "भाव असता तर दोन घेतले असते." मला त्या वाक्याने थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण एक गोष्ट स्पष्टही झाली. चांगला उजेड ही चैन आहे असं आपण शहरात म्हणतो, कारण आपला रस्ता कुणीतरी आधीच उजळून ठेवलेला असतो. ज्याला खरी गरज आहे त्याच्या हातात 'एक लाख लुमेन' छापलेलं खोटं खोकं पडतं. तेव्हा तुम्हाला यातलं कळायला लागलं की ते स्वतःपुरतं ठेवू नका. घरी शेती असेल, वडील रात्रपाळीला जात असतील, तर त्यांच्यासाठी टॉर्च तुम्ही निवडा. एवढा महाग लागत नाही. यूएसबीने चार्ज होणारा, पाण्यात टिकणारा, लांब झोताचा साधा टॉर्च याहून खूप कमी पैशांत येतो.

घेणार असाल तर

चार गोष्टी लक्षात ठेवा. लिथियमचा सेल सुटा खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नका, शॉर्ट झाला तर आग लागू शकते. बॅगेत टाकताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बऱ्याच टॉर्चमध्ये त्याने सर्किट तुटतं आणि बटण चुकून दाबलं जाऊन बॅग तापत नाही. विमानात सुटे सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात. आणि झोत कुणाच्याही डोळ्यांवर मारू नका, समोरून येणाऱ्या गाडीवर तर मुळीच नाही.

पाचवी गोष्ट, टॉर्च आल्यावर पहिल्याच रात्री सगळे करतात ते तुम्हीही करणार, म्हणजे गच्चीवर जाऊन समोरच्या इमारतीवर पूर्ण झोत मारून बघणार. माहितीये मला. एकदा करा, लगेच बंद करा, समोरच्या काकू खिडकीत यायच्या आत. मग अर्धा तास तिथेच अंधारात बसा. डोळे सरावले की टॉर्च सगळ्यात खालच्या पायरीवर लावा आणि तळहातावर धरा. हाताच्या रेषा दिसतील. एवढ्याशा उजेडात एवढं दिसतं, हे मला तरी बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.