मागच्या रांगेतला खर्ज



तापी-गोमाईच्या संगमावरचं आपलं प्रकाशा, म्हणजे दक्षिण काशी! इथं लांबून लांबून माणसं अस्थी घेऊन येतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. आता ऐका. १९७९ साली आपल्या गंगेत एका अमेरिकन माणसाची रक्षा सोडली गेली. तशी त्याचीच इच्छा होती, म्हणून त्याची बायको स्यू ती घेऊन थेट भारतात आली. हा माणूस जॅझ वाजवायचा. त्याचं नाव चार्ल्स मिंगस.

मिंगसचं वाद्य डबल बास. माणसाहून उंच, चार जाड तारांचं, जणू राक्षसाचं व्हायोलिनच! मिठी मारल्यासारखं धरायचं आणि बोटांनी तारा छेडायच्या. त्यातून खर्ज निघतो. भजनात पखवाजाची डावी बाजू घुमते ना, तसा. वाजतोय तोवर कुणाचं लक्ष नसतं. थांबला की गाणं एकदम पोकळ वाटतं.

तसा लहानपणी तो चेलो शिकत होता. पण बरोबरीच्या एका मित्रानं त्याला स्पष्टच सांगितलं, तू काळा आहेस, कितीही चांगलं वाजवलंस तरी मोठ्या वाद्यवृंदात तुला कुणी घेणार नाही. त्यापेक्षा बास धर! त्यानं बास धरला, आणि मागच्या रांगेत उभं राहून सगळा ताफा चालवू लागला. नवीन रचना तो साथीदारांना बरेचदा कागदावर देतच नसे. गाऊन, पियानोवर वाजवून दाखवायचा आणि ते कानानं उचलायचे. आपल्याकडे गुरुजी शिकवतात तसंच की! मात्र स्वभाव भलता तापट. एकदा साथीदाराला असा ठोसा मारला, की त्याचा दात तुटला. हे काही त्याचं कौतुक नव्हे हं!

पण एक राग मात्र रास्त होता. १९५७ साली अमेरिकेतल्या लिटल रॉक गावी नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाणार होती. तुमच्याच वयाची. त्यांना अडवायला गव्हर्नर फॉबस यांनी चक्क बंदूकधारी शिपाई उभे केले! शेवटी राष्ट्राध्यक्षांनी सैन्य पाठवलं, तेव्हा कुठं मुलं वर्गात बसली. मिंगसनं या फॉबसची टर उडवणारी रचना केली. १९५९ साली तिची रेकॉर्ड निघाली, ती नुसत्या वाद्यांची. बोचरे शब्द त्यात नव्हते. मिंगस गप्प बसतो होय? पुढच्याच वर्षी दुसऱ्या, लहानशा कंपनीकडून त्यानं ती शब्दांसकट काढली.

१९७७ साली त्याला असा आजार झाल्याचं कळलं, की ज्यात स्नायू हळूहळू निकामी होतात. बास सुटला, पियानोही सुटला. मग चाकाच्या खुर्चीत बसून तो टेपरेकॉर्डरसमोर चाली गुणगुणायचा. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत तो वारला, तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.

नंतर त्याच्या कागदांत एका प्रचंड रचनेची पानं सापडली. ती नीट लावण्यात बराच काळ गेला. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये तीसेक वादकांनी ती वाजवली, दोन तासांहून जास्त वेळ!