नावलौकिकाचे मोल आणि तपासणीचा खर्च

पावसच्या परिसरात हापूसची एखादी बाग विकली जाते, तेव्हा जमीन, कलमे, विहीर आणि पंप यांची किंमत कोणालाही मांडता येते. समजा, ती चाळीस लाख भरली आणि घेणाऱ्याने पन्नास लाख मोजले. तर वरचे दहा लाख कशाचे? वाशीच्या बाजारात त्या बागेच्या पेटीला असलेल्या नावाचे. व्यापारी परिभाषेत यालाच नावलौकिक किंवा गुडविल म्हणतात. कलमे मोजण्यास एक सकाळ पुरते. त्या दहा लाखांचा भरवसा पुढेही धरावा काय, हे ठरविण्यास मात्र येत्या अनेक वर्षांचा मोहोर, अवकाळी पाऊस आणि बाजारभाव यांचा अदमास घ्यावा लागतो.

कंपन्या एकमेकींना विकत घेतात तेव्हा हेच घडते. फरक काय तो आकड्यांचा. २००७ साली टाटा स्टीलने ब्राझीलच्या सीएसएनशी झालेल्या चढाओढीनंतर कोरस ही युरोपीय कंपनी सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली. पुढे मंदी आली, युरोपातील पोलादाची मागणी घटली आणि मे २०१३ मध्ये, मुख्यतः युरोपातील व्यवसायापोटी, नावलौकिक व इतर मालमत्ता मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलरचे मूल्य कमी केल्याचे कंपनीस जाहीर करावे लागले.

पूर्वी विलीनीकरणातून आलेला नावलौकिक सामान्यतः पाच वर्षांत खर्ची टाकला जाई. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नव्या लेखामानकांनुसार तो तसा खर्ची पडत नाही. त्याचे मूल्य टिकले की घटले, याची दरवर्षी परीक्षा होते. साहजिकच लेखापरीक्षकाचे काम वाढते. व्यवस्थापनाने गृहीत धरलेली विक्रीतील वाढ आणि नफ्याचा अंदाज त्याला पारखावा लागतो, मूल्यांकनतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे लागते, चुकीची जोखीमही वाढते. शुल्क चढते ते यामुळे.

हा खर्च अनाठायी आहे, असे आम्हांस वाटत नाही. उलट चिंता वाटावी ती दुसऱ्याच गोष्टीची. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे लेखापरीक्षकाचे शुल्क सर्वसाधारण सभेत, अथवा सभा सांगेल त्या रीतीने ठरते. पण प्रस्ताव येतो तो संचालक मंडळाकडूनच. ज्यांच्या आशावादाची परीक्षा व्हावयाची, तेच परीक्षकाचा मेहनताना सुचवितात! म्हणून एखाद्या कंपनीचा नावलौकिक खरेदीमागून खरेदी करून फुगत असेल आणि तपासणीचे शुल्क मात्र जागच्या जागी असेल, तर ती काटकसर समजून समाधान मानणे धोक्याचे आहे.

शिक्षक आणि कारकून यांची बचत आज म्युच्युअल फंड व निवृत्तिवेतन योजनांच्या वाटेने याच कंपन्यांच्या भागांत जाऊन बसते. नावलौकिकाचा आकडा आणि लेखापरीक्षकास दिलेली रक्कम, दोन्ही वार्षिक अहवालात छापलेल्या असतात. त्या शेजारी ठेवून वाचण्याची आणि सभेत प्रश्न विचारण्याची सवय भागधारकांनी लावून घेतली पाहिजे. बाग बुडाल्यावर पेटीवरचे नाव कर्ज फेडीत नाही.