हा संगणक कोणाचा?

गेल्या दिवाळीत मी एक लॅपटॉप विकत घेतला, असे वर्षभर मी लोकांस सांगत आलो. ते विधान आज मी जाहीरपणे मागे घेतो. पैसे मी मोजले, पावती माझ्या नावाने फाटली. पण वस्तू काही माझी झाली नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील काही ग्रामसभांचे हिशेब आणि वनहक्काचे नकाशे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. काम वाढले म्हणून चंद्रपूरला गेलो. १६ जीबी रॅमचे यंत्र मागितले. दुकानदार म्हणाला, "या मॉडेलमधी ८ च येते, भाऊ." मी मनात म्हटले, पुढे वाढवू. सहा महिन्यांत नकाशे असे फुगले की एक उघडला म्हणजे दुसरा उघडेना. पुन्हा चंद्रपूर. तेव्हा कळले, की रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे; ती वाढत नाही, बदलतही नाही. मग उपाय? "नवीन घ्या!"

याच शहरात २००९ साली सुटे भाग निवडून जोडून घेतलेला माझा जुना संगणक मला आठवला. त्याची रॅम मी दोनदा वाढवली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. पेचकस हाती घेतला की अर्ध्या तासाचे काम! आमच्याकडे बंडीचा आरा मोडला तर सुतार आरा बसवतो. 'नवी बंडी घ्या' म्हणणाऱ्या सुताराच्या दारी दुसऱ्या दिवशी कोणी फिरकेल काय?

यावर उत्तर तयार असते : सोल्डर केल्याने यंत्र पातळ होते, वीज कमी लागते, वेग वाढतो. यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने कॅम-२ हे मानक प्रसिद्ध केले, आणि कमी विजेवर चालणाऱ्या रॅमलाही काढता-घालता येईल असे रूप मिळाले. मग अडचण विज्ञानाची की विक्रीची, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

हा प्रकार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज आहे, असे २००६ चा कायदा स्वच्छ सांगत होता. तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता, आणि त्यावाचून बांबू गावाबाहेर विकायला नेणार कसा? परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले ते २७ एप्रिल २०११ रोजी. हक्क आपला आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, ही मालकी नव्हे. हे मेंढ्याने ओळखले व किल्ली मागून घेतली. आम्ही ग्राहक मात्र नवी पावती फाडतो आणि मुकाट घरी येतो!

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' ठरवण्यासाठी समिती नेमली. उत्तम झाले. पण दुरुस्ती म्हणजे मोडलेले पूर्ववत होणे. माझे यंत्र मोडलेले नाही; ते अपुरे पडले आहे. गरजेबरोबर वस्तू वाढवण्याचा हक्क दुरुस्तीच्या हक्कात आपोआप येत नाही. तो वेगळा मागावा लागेल.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे १० पैकी गुण विक्रीच्या वेळी दाखवणे सक्तीचे झाले. आमची मागणी त्याहून साधी आहे. खोक्यावर मराठीत एवढेच छापा : रॅम वाढते की नाही, डिस्क बदलते की नाही, बॅटरी निघते की नाही. तीन ओळी! तेवढ्या वाचता आल्या असत्या, तर ग्रामसभांचे निम्मे नकाशे आज अडून राहिले नसते.

तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर, वाचकहो, या दिवाळीत दुकानाची पायरी चढाल तेव्हा किंमत विचारण्याआधी एवढे विचारा : "हे उघडते का?" दुकानदाराने मान हलवून नाही म्हटले, तर खुशाल पायरी उतरा.