दाढ आणि दिनविशेष

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषाशी माझं भांडण आहे. कोण कुठल्या गादीवर बसला, कुणी कुणाचा किल्ला घेतला, हे रोज छापतात. पण ३० सप्टेंबर १८४६ रोजी बोस्टनला मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं ईथर हुंगवून एकाचा दात न दुखवता उपटला, त्याला मात्र जागा नाही! (राशिभविष्याला आहे.) अहो, पानिपत होऊन गेलं, माझी दाढ गुरुवारी साडेदहाला आहे. त्या खुर्चीत आडवं पडल्यावर माणसानं कुठला किल्ला आठवावा? बरं, आरोग्याचं छापलंच तर १४ नोव्हेंबर, मधुमेह दिन. का, ते नाही. इन्शुलिनवाले बँटिंग त्या तारखेला जन्मले, १८९१ साली. शेजारीच बालदिन, म्हणजे घरोघर पेढे! आणि आमचे डॉक्टर साखर तपासायला नेमके पंधराला बोलावतात.