काका, पोती आणि रोबोट

"आता रोबोट चिरणार म्हणतेत मला!" उदगीरहून काकांचा फोन. मोंढ्यातली आडत सोडून हैदराबादला बायपास, तीही रोबोटकडून? पुण्यात मी लॅपटॉपच मिटला.

काका, रोबोट स्वतःच्या मनानं काही करत नाही. सर्जन कन्सोलवर बसून त्याचे हात हलवतो. जानेवारी २०२५ मध्ये तर गुरुग्राममध्ये बसलेल्या सर्जननं जयपूरच्या पेशंटच्या बायपाससाठी रोबोट चालवला, तोही भारतीय बनावटीचा! फायदा खराच: छातीचं मधलं हाड कापावं लागत नाही, बरगड्यांमधल्या छोट्या छेदांतून काम होतं. एरवी हाड जुळेपर्यंत दोनेक महिने जड उचलणं बंद. (काकांना तीच धास्ती.)

पण मंडळी, हे सगळ्यांना चालत नाही. ब्लॉकेज किती नि कुठे, फुप्फुसं कशी, आधी छाती उघडलीय का, यावर ठरतं. वेळ आली तर मध्येच छाती उघडावीही लागते. पॉलिसीत रोबोटिकला वेगळी मर्यादा असू शकते, तीही बघा. काकांना मी एकच प्रश्न लिहून दिला: "हेच ऑपरेशन रोबोटवर तुम्ही स्वतः किती केलीत?"

सोमवारी त्यांनी विचारला. डॉक्टरांनी आकडा सांगितला, रिपोर्ट पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "तुमचं ओपनच बरं."

रात्री काकांचा फोन: "तवर पोते कोण उचलावं?"