वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक नव्हे

गरोदरपणातल्या मधुमेहावर दारुहळदीतल्या बर्बेरिनकडे आशेने पाहिले जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने रक्तातली साखर उतरतेही. पण हेच द्रव्य नवजात बाळाच्या रक्तातले बिलिरुबिन मोकळे करून कावीळ वाढवू शकते. इन्सुलिन मात्र वार ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून त्याचा भरवसा मोठा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचे मूळही वनस्पतीतच ना, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या मूळच्या गॅलेगा वनस्पतीतले गॅलेजिन विषारी ठरले. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेले मेटफॉर्मिन १९५७ च्या सुमारास मधुमेहींपर्यंत पोहोचले आणि गरोदर स्त्रियांवरची त्याची मोठी चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. वनस्पती तीच असली तरी भाजीतली मेथी आणि तिचा अर्क यांतही मात्रेचे अंतर आहेच. संशोधन जरूर व्हावे; चाचणीआधीची पुडी मात्र गर्भवतीच्या हाती नको.